मापाडी आणि तारांची टोपी

यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसू नये अशीच गोष्ट आहे. मला कुणी सांगितली असती तर मी त्याला गार पाणी पाजून घरी पाठवला असता. पण ती माझ्याच बाबतीत घडली, आणि घडली तेव्हा माझी बायको तिथंच होती, त्यामुळे माझा इलाज नाही.

हेच मी गिरणीत म्हणालो. उत्तमरावाच्या पिठाच्या गिरणीत, बेलापुरात, बहात्तरच्या डिसेंबरात. सकाळी नऊला वीज गेली ती गेलीच. पंधरा-वीस डबे ओळीनं लावलेले, सगळ्यांत रेशनची लाल मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली ज्वारी, कारण त्या साली दुसरं काही पिकलंच नव्हतं. डबा सोडून गेलं तर नंबर जातो, म्हणून ज्याचा डबा तो त्याच्यावर बसलेला. असे श्रोते मला पुन्हा मिळाले नाहीत.

"इस्वास न बसणारी ही कितवी?" चांगुणाबाई म्हणाली. ती पाटाच्या पलीकडं राहते आणि माझ्या गोष्टींचा हिशोब ठेवते. "मागल्या खेपेला हिरीत हत्ती पडला हुता."

"हत्ती न्हवता, सर्कशीतला उंट हुता," मी म्हणालो. "आन् त्यो पडला न्हाई. उतरला."

"पायऱ्यांनी?"

"मग काय उडी मारंल? उंट हाय त्यो."

काकासाहेब मास्तर कोपऱ्यात पेपर वाचत होते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून गावात काय खरं आणि काय खोटं हे ठरवायचं काम त्यांनी स्वतःकडं घेतलंय. पेपर खाली न करता ते म्हणाले, "सहादेव, साक्षीदार असेल तर सांग. नसेल तर मला अग्रलेख वाचू दे."

"साक्षीदार ही बसली हाय," मी म्हणालो आणि गोजरबाईकडं बोट दाखवलं.

गोजरबाई माझी बायको. सूप मांडीवर घेऊन मिलोतले खडे वेचत होती. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं एकदाही माझी बाजू घेतलेली नाही, त्यामुळं साक्षीदार म्हणून गावात तिला वजन आहे. तिनं वर बघितलं नाही. पण उठूनही गेली नाही.

तर मागल्या साली, एकाहत्तरच्या जानेवारीत, विजयमाला माझ्या दारात आली.

विजयमाला कोण हे गिरणीत कुणाला सांगावं लागलं नाही, तुम्हाला सांगतो. भामाबाई साळव्यांची पोरगी. भामाबाई आमच्याकडं खळ्यावर उफणायला यायची आणि ही पोर खळ्याच्या कडेला बसायची. मी मापाडी. खळ्यावर रास झाली की पायलीनं माप घालायचं आणि प्रत्येक मापाचा आकडा मोठ्यानं पुकारायचा, हा माझा धंदा. माझ्या बापाचाही तोच होता. ही पोर माझ्याबरोबर आकडे म्हणायची. पुढं शाळेत पहिली आली, औरंगाबादेला कॉलेजात गेली, आणि तिथून मुंबईला समुद्राकाठच्या एका मोठ्या संशोधनाच्या संस्थेत. गावात सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं की ती काँप्युटरवर आहे. काँप्युटर म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, त्यामुळं तिच्याबद्दल सगळेच आदरानं बोलत.

ती ओट्यावर बसली. चहा घेतला. म्हणाली, "काका, मला तुमचा आवाज पाहिजे."

मी म्हणालो, "घिऊन जा. घरात त्याला गिऱ्हाईक न्हाई."

"म्हनाले खरं तसं," गोजरबाई सुपातून म्हणाली.

मग विजयमालानं सांगितलं. तिचं काम असं, की माणसानं बोलावं आणि मशीननं ते ओळखावं. सगळं बोलणं नाही. सध्या फक्त एक ते दहा आकडे. माणूस 'चार' म्हणाला की मशीननं कागदावर चार छापायचा. पाच वर्षं ती यावर होती. मुंबईत तिच्या खोलीतले लोक बोलले तर मशीन ओळखत होतं. पण वरचे साहेब म्हणाले, हे सगळे शिकलेले लोक, कागद धरून वाचल्यासारखं बोलतात. उद्या हे मशीन बाजार समितीत न्यायचं, मालधक्क्यावर न्यायचं, तर तिथला माणूस आणून दाखवा. फेब्रुवारीत समिती बसणार होती. समितीसमोर खेड्यातल्या माणसाचे दहाच्या दहा आकडे मशीननं बरोबर ओळखले तर काम पुढं चालणार. एक जरी चुकला तर बंद. मशीनचा वेळ दुसऱ्यांना वाटून देणार आणि विजयमालाला कार्डांना भोकं पाडायच्या खात्यात बसवणार.

"भोकं कशापायी?" उत्तमरावानं विचारलं. वीज नसली की तो पट्ट्याला मेण लावत बसतो.

"त्ये मीबी इचारलं. काँप्युटरला काय सांगायचं आसंल तर भोकं पाडून सांगत्यात."

चांगुणाबाई हसायला लागली. गोजरबाई म्हणाली, "खरं हाय. ढीग पडला हुता कार्डांचा. भोकं बी बघितली मी."

चांगुणाबाईचं हसणं तिथंच थांबलं.

"पर मलाच का?" मी विजयमालाला विचारलं. "गावात दुसरं लोक काय मुकं हायती?"

ती म्हणाली, "तुम्ही माप घालता तेव्हा दोन आकड्यांमध्ये जागा सुटते. पायली भरायची, हातानं सपाट करायची, पोत्यात ओतायची, मग पुढचा आकडा. बाकी लोक आकडे एकमेकांना चिकटवून बोलतात. मशीनला अजून चिकटलेले शब्द सोडवता येत नाहीत. मी खूप लोकांचे आवाज घेऊन बघितले, काका. मग मला खळं आठवलं."

चाळीस वर्षं मी तोंडानं आकडे पुकारले. पुकारलेल्या आकड्यांबद्दल लोक भांडले, मारामाऱ्या झाल्या. मधल्या जागेबद्दल कुणी चांगलं बोललं ते ही पहिलीच. मी गोजरबाईला म्हणालो, भाकरी बांध.

गोजरबाई म्हणाली, मी पण येणार. तिला माझ्यावर मुंबईचा भरवसा नव्हता.

संस्था कशी होती ते सांगत बसत नाही. फरशी अशी, की आपलं तोंड दिसावं. मशीनची खोली थंडगार. माणसांना नाही, मशीनला उकडतं म्हणून. मशीन केवढं, तर आपल्या खंडोबाच्या देवळाएवढं.

"देवळाएवढं न्हवतं," गोजरबाई म्हणाली. "आपल्या दोन खोल्या आन् गोठा धरला तर तेवढं."

"बाई, गोठा धरून?" उत्तमराव म्हणाला.

"गोठा धरून. कपाटं नुसती. फिती फिरत हुत्या."

आता मास्तरांनी पेपर गुडघ्यावर ठेवला.

मशीन ऐकतं कसं, हेही विजयमालानं मला समजावलं, आणि ते मला समजलं, यावरही तुमचा विश्वास बसू नये. ती म्हणाली, काका, खळ्यावर चाळण्या असतात ना? मोठ्या भोकाच्या, बारीक भोकाच्या. तसा माणसाचा आवाज सोळा चाळण्यांतून काढायचा. जाड आवाज एकीत राहतो, बारीक दुसरीत. कुठल्या चाळणीत किती राहिलं ते मशीन लिहून ठेवतं. 'तीन' म्हटलं की एक नक्षी पडते, 'पाच' म्हटलं की दुसरी. नवा आवाज आला की मशीन त्याची नक्षी जुन्या नक्षींच्या शेजारी ठेवून बघतं. जी सगळ्यांत जवळची, तो आकडा छापतं. छापायला तारऑफिसात असतो तसला खडखड्या होता. एकही नक्षी जवळपास नसेल तर तो प्रश्नचिन्ह छापायचा.

"मंजी मशीन गावच्या मान्सासारकंच हाय," चांगुणाबाई म्हणाली. "वळखीचं आसंल तर बोलतं, न्हाईतर तोंडाकडं बगतं."

"तसंच."

आधी माझ्या आवाजाच्या नक्षी काढायच्या होत्या. त्यासाठी एका खोलीत नेलं. भिंतींना गादी लावलेली. त्या खोलीत आवाज परत येत नाही. खळ्यावर मी पाच म्हणालो की तो पाटापर्यंत जाऊन येतो. इथं पाच म्हणालो, तो तोंडातून निघाला आणि मेला. मी शिंकलो ते मलाच ऐकू आलं नाही.

"मला आलं," गोजरबाई म्हणाली. "दाराच्या भायेर."

विजयमाला एकेक कार्ड दाखवायची. कार्डावर आकडा. मी म्हणायचा. एक, मग सात, मग चार, उलटसुलट. प्रत्येक आकडा वीस वेळा. दोन दिवस चाललं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मशीननं माझे दहाच्या दहा आकडे ओळखले. पुन्हा केलं, पुन्हा ओळखले. विजयमाला बसली होती त्या खुर्चीवरून उठली आणि परत बसली. एवढंच तिनं केलं. मग आम्हाला कँटीनमध्ये नेऊन इडली खायला घातली.

तिथं तिनं मला तिचं दुसरं काम सांगितलं. ते अजून कागदावरच होतं. माणूस बोलायच्या आधी शब्द डोक्यात तयार होतो. तो जिभेवर यायच्या आत, डोक्यातच धरता आला तर? अर्धांगवायूनं ज्यांची वाचा गेली, त्यांच्या डोक्यात शब्द असतातच. बाहेर यायला वाट नसते. एका इस्पितळातून तिनं डोक्यातली वीज मोजायचं यंत्र मागून आणलं होतं. त्याला एक टोपी. पण आधी तोंडाचं ओळखायचं काम मंजूर झालं तर पुढं या कामाला हात लावता येणार. समितीनं नाही म्हटलं तर दोन्ही गेली.

"टोपी होती?" मास्तरांनी विचारलं. मला नाही, गोजरबाईला.

"हुती. रबराच्या पट्ट्यांची. चौदा तारा. मी मोजल्या. ह्यांच्या डोक्याला गारगार कायतरी चोपडून ठिवली हुती घटकाभर. भिंतीवरच्या कागदावर शाईच्या रेघा हालत हुत्या."

"ते खरं आहे," मास्तर म्हणाले. "मी वाचलंय त्याबद्दल." आणि पेपराची घडी घालून त्यांनी ती डब्याखाली सरकवली.

समिती तिसऱ्या दिवशी सकाळी आली. तिघं जण. अध्यक्ष दिल्लीचे, बुशकोट आणि जाड चष्मा. संध्याकाळच्या विमानानं परत जायचे. मला मशीनच्या खोलीत उभं केलं, समोर माइक. विजयमालानं कार्डं हातात घेतली.

अध्यक्ष म्हणाले, थांबा. कार्डं नकोत. कार्ड बघून तर पोपटही शिकेल. हा माणूस धान्य मोजतो ना? मग धान्य मोजू द्या. काम करताना बोलतो तसं बोलू द्या.

त्यांचं बरोबर होतं. मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच म्हणालो असतो.

माझी पायली मी नेलीच होती. तिच्याशिवाय मी कुठं जात नाही. कँटीनमधून गव्हाचं पोतं आलं. फरशीवर चादर घातली, रास केली. मी धोतराचा सोगा खोचला, मांडी घातली, पायली भरली, हातानं सपाट केली, रिकाम्या पोत्यात ओतली आणि पुकारलं:

"लाभ."

खडखड्यानं प्रश्नचिन्ह छापलं.

गिरणीत डब्याडब्यांवर माना हलल्या. सगळ्यांना कळलं होतं. शहरातल्या वाचकांना सांगतो. माप घालताना पहिल्या मापाला आमच्याकडं कुणी एक म्हणत नाही. लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. एक म्हटलं की रास तेवढ्यावरच राहते असं आमचे म्हातारे सांगायचे. माझा बाप लाभ म्हणायचा, त्याचा बाप लाभ म्हणायचा. कार्डावर बघून एक म्हणणं वेगळं. ते वाचणं झालं. हातात भरलेली पायली असताना जीभ एक म्हणायला वळत नाही.

"पुढं?" उत्तमरावानं विचारलं. मेणाचा गोळा त्याच्या हातातच राहिला होता.

पुढचे नऊ आकडे मशीननं बरोबर छापले. अध्यक्षांनी कागद हातात घेतला. म्हणाले, पहिलाच चुकला. विजयमाला म्हणाली, सर, त्यांनी एक म्हटलंच नाही, ही मोजण्याची रीत आहे. अध्यक्ष म्हणाले, रीत असेल, पण मशीनला एक ओळखायचा होता. बरं, पुन्हा करा.

विजयमाला माझ्याजवळ वाकली. हळू म्हणाली, "काका, एक म्हणा. फक्त पहिल्याला."

"म्हनतो की."

पायली भरली. सपाट केली. मनात म्हटलं, एक, एक, एक. ओतली. तोंडातून आलं लाभ.

प्रश्नचिन्ह.

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. जेवणानंतर शेवटचं एकदा, म्हणाले, मग आम्हाला निर्णय लिहायचा आहे. आणि ते तिघं जेवायला गेले.

मी विजयमालाला म्हणालो, "पोरी, माझा काय इलाज न्हाई. आख्ख्या जन्मात मापाला एक म्हनालो न्हाई."

ती राशीकडं बघत होती. म्हणाली, "म्हणालात काका. आमच्या वाट्याच्या मापाला म्हणायचात."

गावकुसाबाहेरच्या त्यांच्या वाड्याचा वाटा खळ्यावर सगळ्यांत शेवटी पडायचा. तोवर दिवस मावळलेला असायचा, मला घराची घाई असायची. घाईत मी काय म्हणायचो ते माझ्या ध्यानात नव्हतं. कडेला बसलेल्या पोरीच्या ध्यानात होतं. ती रागानं म्हणाली नाही. आकडा सांगावा तसं म्हणाली. मी तंबाखूची पिशवी शोधायला लागलो आणि ती बराच वेळ सापडेना.

चांगुणाबाईनं गोजरबाईकडं बघितलं. गोजरबाई खडे वेचत होती. म्हणाली, "व्हय. आसं म्हनाली ती."

हे मी गिरणीत का सांगितलं, ते मला माहीत नाही. गाळता आलं असतं. पण गाळलं असतं तर गोजरबाईनं सांगितलं असतं, आणि मग पुढचं कुणी ऐकलं नसतं.

आता पुढचं ऐका. इथून खरी विश्वास न बसणारी गोष्ट सुरू होते.

तिसऱ्यांदा माझी जीभ वळेल असं कुणालाच वाटत नव्हतं, मलाही नाही. जेवणाच्या सुट्टीत विजयमाला जेवली नाही. मशीनपाशी फिरत होती, फिती काढत होती, घालत होती. मी भिंतीला टेकून बसलो आणि मला सुचलं. ही कल्पना माझी, हे लक्षात ठेवा. मी म्हणालो, "पोरी, जिभेवर लाभ येतो. पर डोक्यात तर आधी एकच येत आसंल ना? न्हाईतर मी दोनवर कसा जातो?"

ती थांबली. हातातली फीत तिनं खाली ठेवली. मी म्हणालो, "मग जिभेला सुट्टी दे. टोपी आन."

"टोपी आण म्हणालास तू?" मास्तरांनी विचारलं.

"मीच म्हनालो. इचारा हिला."

गोजरबाई म्हणाली, "म्हनाले. टोपी आन म्हनाले, त्ये खरं."

मास्तरांनी चष्मा काढून धोतराला पुसला. त्यांना ते आवडलं नव्हतं, पण साक्ष त्यांनीच मागितली होती.

मग काय. डोक्याला ते गार चोपडलं, रबराच्या पट्ट्या आवळल्या, चौदा तारा मागं सोडल्या. समिती जेवून आली. अध्यक्षांनी मला बघितलं आणि विचारलं, हे काय? विजयमाला म्हणाली, सर, आता बघा. अध्यक्ष खुर्चीत बसले. मी मांडी घातली. ओठ मिटले. पायली भरली, सपाट केली, ओतली. तोंडातून शब्द नाही. नुसता मनात म्हणालो: एक.

खडखड्या हलला. छापलं: एक.

"मनातलं?" उत्तमराव म्हणाला.

"मनातलं. तोंड शिवल्यासारकं बंद."

दुसरी पायली. मनात दोन. छापला दोन. तिसरी, तीन. अध्यक्ष खुर्चीवरून उठून माझ्या पुढ्यात उकिडवे बसले आणि माझ्या ओठांकडं बघायला लागले. ओठ हलतायत का म्हणून. कशाला हलतील? चार. पाच. त्यांच्या चष्म्यात मला माझी टोपी दिसत होती. मला हसू येत होतं, पण मी हसलोही नाही. सहाव्याला माझी पाठ खाजली, तरी मी डगमगलो नाही, सहाच मनात आणला. सात. आठ. अध्यक्षांच्या शेजारचे साहेब काहीतरी लिहीत होते, त्यांच्या पेनातली शाई संपली, ते तसेच कोरडं पेन फिरवत राहिले. नऊ. दहा. दहाच्या दहा, ओळीनं, बरोबर.

"आन् पुढं आईका," मी म्हणालो, कारण गिरणीत आता डब्यांवरची माणसं पुढं सरकली होती, दारात उभी असलेली आत आली होती. "दहावी पायली वतली आन् माज्या मनात आलं, आता च्या मिळाला तर बरं. लगीच खडखड्या हालला. आकरावी वळ छापली: च्या."

कुणीतरी हसलं. चांगुणाबाई हसली नाही. ती म्हणाली, "मग मिळाला का?"

"आध्यक्षांनी स्वता मागवला."

"आन् काम?"

"मंजूर. तितंच सही केली. विजयमाला आजबी त्याच कामावर हाय, भोकं पाडायला गेली न्हाई. भामाबाईला इचारा. आता सांगा मास्तर, हाय का न्हाई इस्वास न बसन्यासारकी? पाव तास मी ओठ हालवला न्हाई आन् मशीननं माज्या डोक्यातलं वाचलं. आमीरिकेत झालं न्हाई त्ये मी बेलापूरच्या पायलीवर करून दाखिवलं."

मास्तरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. तारांचं त्यांनी वाचलेलं होतं. भोकांचं खरं निघालं होतं, गोठ्यासकट घराएवढ्या मशीनचं खरं निघालं होतं, टोपीचं खरं निघालं होतं. त्यांनी शेवटी मान वळवली आणि जिच्याकडं आता सगळेच बघत होते तिला विचारलं, "गोजरबाई, सही झाली?"

"झाली. त्याच कागदावर. विजयमाला भायेर येऊन रडली, मग तोंड धुऊन परत आत गेली."

"आणि टोपी ह्याच्या डोक्यावर होती? त्या वेळी?"

"हुती."

"दहाच्या दहा आकडे छापले?"

"छापलं. कागद मी मागनं बघितला."

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं. मी विडी काढली आणि पेटवायच्या आधी जरा थांबलो, असं बघणं रोज मिळत नाही म्हणून.

गोजरबाईनं सूप झटकलं. वेचलेले खडे ओंजळीत घेऊन दाराबाहेर टाकले. परत येऊन डब्यात मिलो ओतली, झाकण लावलं, आणि त्याच्यावर बसत म्हणाली:

"मास्तर, बाकी समदं खरं हाय. पर पाव तास ह्यो मानूस गप बसला ह्ये खोटं. टोपी ह्यांनी हौसंनं मागून घातली, तिच्या तारा मागं नुसत्या लोंबत हुत्या, कशालाच जोडल्या न्हवत्या. जेवायच्या सुट्टीत त्या पोरीनं ह्यांच्याकडनं वीस येळा लाभ म्हनवून घेतला आन् मशीनलाच शिकिवलं, की लाभ म्हंजी एक. मग ह्यांनी लाभापासून धा आकड्यांपतुर आसं वरडून माप घातलं, की मला दाराच्या भायेर समदं आईकू आलं."